नदी "आपण सगळ्यांनी" घाण केली, हे वाक्य मुलीच्या वहीत लिहू देऊ का?

गोदाकाठची_आई

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी इथे टाकतेय, थोडं लांब होईल.

मी पंचवटीतली, घरापासून गंगा (नाशिकबाहेरच्यांसाठी, गोदावरी, आम्ही गंगाच म्हणतो) चालत सात-आठ मिनिटांवर. मुलगी सातवीत आहे, तिला शाळेतून प्रकल्प दिलाय "मानव आणि पर्यावरण", आणि नमुना म्हणून जे दिलंय त्यात पहिलंच वाक्य "मानवाने आपल्या स्वार्थासाठी निसर्गाचा ऱ्हास केला आहे, याला आपण सगळेच जबाबदार आहोत". आधी मला यात काही खटकलं नसतं, आपणही शाळेत हेच लिहीत आलो की.

पण घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मी सकाळी घाटावर गेले होते, तेव्हा पन्नाशीच्या एक बाई आणि त्यांची सून गोधड्या धुवायला बसल्या होत्या. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुतात हे सगळ्यांना माहितीये. तेवढ्यात एका सुरक्षारक्षकाने शिट्टी मारली, उठा इथून, दंड होईल. आता भिजलेली गोधडी म्हणजे काय वजन असतं ते उचललंय त्यालाच कळेल, त्या बाईंना ती एकटीने पिळताही येईना, मग सुनेने दुसरं टोक धरलं, दोघी उलट्या दिशेने पीळ देत होत्या, आणि तो माणूस शिट्टी वाजवतच होता. अर्धवट पिळलेली गोधडी तशीच खांद्यावर टाकून त्या पायऱ्या चढल्या, पाठ पूर्ण ओली. मी विचारलं घरी नाही का धुता येत, तर म्हणाल्या, "नळाला अर्धा तास पाणी येतंय बाई, त्यात पिण्याचं भरू का गोधडी धुऊ?"

आणि तिथून शंभरेक पावलं खाली नाल्याचं काळं पाणी फेस धरून सरळ नदीत पडत होतं, तिथे शिट्टी मारायला कोणीही नाही.

नदीत साबण जाऊ नये हे मला मान्य आहे, नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये. पण त्या दिवसापासून "आपण सगळे" हा शब्द पचत नाहीये. माझे प्रश्न असे की, पर्यावरणाचा विचार करताना आधी "कोणाच्या हातात काय आहे" हे विचारणं बरोबर आहे का, का मी उगाच सगळ्यात राजकारण बघतेय? आणि बारा वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं?

---

टेलची_चारी

ताई, उगाच वगैरे काही नाही. तुम्ही नदीचं बघितलं, मी पाटाचं सांगतो, मी शेतकरी, ओझरकडचा.

कालव्याचं पाणी ज्याने बघितलंय त्याला सत्ता काय असते हे वेगळं शिकवावं लागत नाही. धरणाजवळचा तो हेडचा आणि शेवटचा तो टेलचा. कागदावर दोघांचा हक्क सारखाच असतो. पण आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) सुटलं की हेडवाला रात्री दारं उचलतो, पाइप टाकतो, आडवा बांध घालतो, आणि टेलला पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपलेलं असतं. अधिकाऱ्याकडे जा, तर तो म्हणणार पाणी सोडलंय. सोडलं होतंच की, पोचलं नाही एवढंच. आमच्या वडिलांनी अशी किती वर्षं काढली, नुसत्या पावसाच्या पिकावर, आणि लोक म्हणायचे टेलवाले आळशी आहेत, बागा लावत नाहीत. अहो पाण्याशिवाय बाग कशी लावणार?

आमच्याकडे फरक पडला तो वाघाड प्रकल्पावर (दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण, पंचवटीतल्या वाघाडी नदीशी गल्लत करू नका). १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना एकत्र करून पाणीवापर संस्था काढल्या, आणि सुरुवात केली ती टेलच्या तीन संस्थांपासून. पाणी मोजून घ्यायचं, घनमीटरवर पैसे भरायचे, आणि वाटप आपापसात संस्थेनं करायचं. मोजमाप आल्यावर काय झालं, की "सोडलं" आणि "पोचलं" यातला फरक आकड्यात दिसायला लागला. तोपर्यंत फक्त आमची तक्रार होती, मग आकडा झाला, आणि आकड्यासमोर हेडवाल्यालाही गप्प बसावं लागतं. पुढे सगळ्या धरणावर संस्था झाल्या आणि धरणाचा कारभारच शेतकऱ्यांनी चालवायला घेतला. २००५ ला राज्याचा कायदा आला, त्यातही संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल तिघांच्या सारख्या जागा ठेवल्यात, बायकांच्या पण ठेवल्यात. उगाच नाही ठेवल्या, भोगलेल्या लोकांमुळे आल्यात त्या.

तेच धरण, तेवढाच पाऊस, माती तीच. ठरवणारे बदलले आणि आमच्या इथे द्राक्षं उभी राहिली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते ती पण सांगतो. संस्थेचा सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन पाहिजे. आमच्या बागेत छाटणीला, थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) येणाऱ्या मजुरांच्या नावावर गुंठा नाही, मग त्यांचा या पाण्यावर काहीच हक्क नाही. आणि आमच्याच घरात बायको दिवसभर रानात राबते पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. पुरंदरला विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने वेगळा नियम केला होता, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. ते आमच्याकडे झालं नाही. आम्ही हेडवाल्याशी भांडलो, आमच्या पलीकडे कोण उभं आहे तिकडे बघितलं नाही.

---

पाइप_आणि_पंप

मी थोडा विरोधात बोलणार आहे, राग मानू नका. माझं काम सांडपाण्याच्या लाइनचंच आहे, २० वर्षं झाली.

प्रत्येक गोष्टीत बळी आणि जुलमी शोधलं की प्रश्न सुटत नाही. डिटर्जंटमधला फॉस्फेट नदीत जातो, त्यावर पाणवेली पोसतात, हे शास्त्र आहे, गोधडी गरिबाची का श्रीमंताची हे पाणवेलीला कळत नाही. घाटावर धुणं आणि गाड्या धुणं बंद केलंच पाहिजे.

आता नाल्याचं. लोकांना वाटतं कोणीतरी मुद्दाम घाण सोडतंय. तसं नसतं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक असे मलशुद्धीकरण केंद्र आहेत, पण जुनी केंद्रं बांधली तेव्हाचे निकष वेगळे होते, शुद्ध केलेल्या पाण्यात बीओडी ३० पर्यंत चालायचा, आता १० च्या आत मागतात. बीओडी म्हणजे साध्या भाषेत, पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाणार त्याचं माप. तो जास्त असला की माशाला श्वास उरत नाही. दुसरं, सगळं सांडपाणी काही उताराने केंद्रापर्यंत जात नाही, मध्ये पंपिंग स्टेशन लागतं, तिथली लाइट गेली आणि जनरेटर वेळेवर लागला नाही की चेंबर भरून वाहतं ते थेट नाल्यात. तिसरं म्हणजे ज्या घरांना ड्रेनेजच नाही त्यांचं पाणी पावसाळी गटारीतून नासर्डीत, वाघाडीत, आणि तिथून गोदेत.

म्हणजे हा पाइपचा, पंपाचा आणि पैशाचा प्रश्न आहे. त्यात सत्ता कुठून आली?

---

गोदाकाठची_आई

पाइप दादा, राग अजिबात नाही, उलट इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. फक्त एक विचारते. ज्या घरांना ड्रेनेज नाही म्हणालात, ती कुठली घरं असतात? आणि कुठल्या भागात आधी लाइन टाकायची हे कोण ठरवतं?

---

पाइप_आणि_पंप

प्रश्न बरोबर जागी विचारलात. दुपारी वाचला तेव्हा उत्तर द्यायचं टाळलं, आता रात्री लिहितोय.

नाल्याकाठच्या वस्त्या, गुंठेवारीतली घरं. कागद नसतो, लेआउट मंजूर नसतो, म्हणून लाइनच्या प्लॅनमध्ये ते घर "नसतं". मी स्वतः असे नकाशे काढलेत, ज्यात दोनशे-अडीचशे घरांची वस्ती आहे पण नकाशात तिथे हिरवा पट्टा किंवा मोकळी जागा. मग त्या घरांचं पाणी नाल्यात जातं आणि पुढे आपणच म्हणतो वस्तीवाले नाला घाण करतात. आणि नवीन स्कीम होते तिथे रस्ता व्हायच्या आधी ड्रेनेजची लाइन गेलेली असते, कारण बिल्डर फाइलच्या मागे फिरू शकतो. वस्तीतल्या माणसाने एक दिवस फाइलमागे घालवला तर त्याचा रोज बुडतो.

तांत्रिक मुद्द्यावर मी ठाम आहे, साबण नदीत नको. पण "त्यात सत्ता कुठून आली" हे माझं वाक्य मी मागे घेतो.

---

हरसूल_रोड

मी त्र्यंबकेश्वर तालुक्यात आश्रमशाळेत शिकवते. ताई, तुमच्या मुलीच्या वयाच्या मुली माझ्या वर्गात आहेत म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे हजेरीपट बघून कळतं पाण्याचं काय चाललंय. गावातून येणाऱ्या मुली मार्चपर्यंत नीट येतात, मग पहिला तास चुकतो, मग आठवड्यातून दोन दिवस, आणि मुलगे मात्र हजर. कारण हंडा मुलीच्या डोक्यावर असतो. एक मुलगी चुंबळ दप्तरातच ठेवते, शाळा सुटली की तशीच झिऱ्यावर. झिरा म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात उकरलेला खड्डा, त्यात पाणी पाझरतं ते वाटीने भरायचं, एक हंडा भरायला पाऊण तास लागतो, आणि तुमच्या आधी चार जणी बसलेल्या असतात.

आणि हा काही दुष्काळी भाग नाही हो! शेजारच्या इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दारणा, मुकणे, भावली, वैतरणा, धरणांचाच तालुका. वैतरणेचं पाणी मुंबई पिते, दारणेचं कालव्याने खाली शेतीला जातं. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते इथे शब्दशः आहे. काळा पाषाण, तीव्र उतार, त्यामुळे पाणी जमिनीत मुरत नाही हे खरं, पण धरण दरीत आणि पाडा वर, वर पाणी चढवायला पंप, वीज, टाकी लागते, आणि तेवढा खर्च दीडशे माणसांच्या पाड्यासाठी कोणी "परवडणारा" धरत नाही. मुंबईपर्यंत शंभर किलोमीटरचा पाइप परवडतो, डोंगरावर दोन किलोमीटरचा परवडत नाही. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवसापासून "नैसर्गिक टंचाई" हा शब्द मी वर्गात वापरत नाही.

जंगलाचंही सांगते. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती ती इंग्रजांनी राखीव जंगलात घातली, आणि कसणाऱ्यांना नाव मिळालं अतिक्रमणवाले. २००६ ला वनहक्क कायदा आला, त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झालाय. म्हणजे एका ओळीने कालचा अतिक्रमणवाला आज दावेदार झाला, पण दाव्याचे कागद वर्षानुवर्षं पडून. म्हणून तर मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला मोर्चा निघाला, १८० किलोमीटर, सहा दिवस, आमच्या पाड्यातल्या बाया त्यात होत्या, टाचांची कातडी सोलून निघाली होती. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या पोरांचे पेपर आहेत म्हणून रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालले. शहरातली पोरं पेपरला वेळेवर पोचावीत म्हणून ज्यांनी ते केलं, त्यांच्याच पोरी पाण्यापायी पहिला तास चुकवतात.

जंगल सांभाळायला हक्क लागतो हे गडचिरोलीच्या मेंढा लेखाने दाखवलंय, २००९ ला त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू गाव स्वतः विकतं आणि जंगल उभं आहे. आपलं आहे म्हटल्यावर माणूस राखतो. उद्या हाकलणार आहेत म्हटल्यावर कोण झाड लावेल?

---

पैठणकर_आता_सातपूर

सगळं वाचलं, सगळं पटलं, पण नाशिककर मंडळींनो एक गोष्ट राहिली आहे ती मलाच सांगावी लागेल. मी पैठण तालुक्यातला, नोकरीमुळे १४ वर्षं सातपूरला.

या गोदावरीवर टेलचे कोण आणि हेडचे कोण? आम्ही मराठवाडा म्हणजे टेल. तुम्ही हेड.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात स्पष्ट आहे की टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी तूट सारखी वाटून घ्यायची. मेंढेगिरी समितीने २०१३ ला त्याचं गणित बसवलं, १५ ऑक्टोबरला जायकवाडी (आमचं पैठणचं धरण, त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर) ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ ला उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. तरी दर वेळी सोडायची वेळ आली की इथे आंदोलन, "आमचं पाणी पळवलं". २०२३ ला ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला तेव्हा माझ्या कंपनीत चहाच्या वेळी रोज हेच, आणि मी गप्प. कारण माझी आई तिकडे टँकरच्या रांगेत आणि मी इकडे गंगापूर धरणाचं पाणी पितोय. कोणाकडून बोलू?

आणि तिकडचंही खोटं सांगणार नाही. पाणी सोडलं की वाटेत जिरतं, मुरतं, उपसलं जातं, आणि जायकवाडीत पोचलेलंही आधी कोणाला मिळतं? धरणाला पाइप लावून ऊस भिजवणाऱ्याला, कारखान्याला. आमच्या गावातला कोरडवाहू माणूस, आणि ज्यांची गावं नाथसागरात बुडाली त्यांची नातवंडं, त्यांच्या वाट्याला टँकरच. म्हणजे "मराठवाड्यावर अन्याय" या शब्दातही आमचा हेडवाला लपलेलाच आहे.

---

टेलची_चारी

दादा, तुमचं वाचून मोबाइल बाजूला ठेवला होता. त्या आंदोलनात मी पण होतो. आमच्या बागेला छाटणीनंतर पाणी नसतं तर वर्ष गेलं असतं, ती भीती खरी होती, आजही तेच म्हणेन. पण टेलवाल्याला "पाणी सोडलंय" म्हणून सांगणारा अधिकारी आणि मी, यात त्या दिवशी फार फरक नव्हता. वाघाडला जसं मोजमाप आलं तसं पूर्ण खोऱ्यात यायला पाहिजे, नुसतं कालव्यात नाही, ऊस आणि कारखाना धरून, वरपासून खालपर्यंत.

---

चवदार_१९२७

गोदाकाठच्या ताई, तुमचा मूळ प्रश्न होता की असा विचार करणं बरोबर आहे का. महाराष्ट्राला हा विचार बाहेरून आणायची गरज नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तळं भरलेलं होतं, गुरंढोरं पीत होती, टंचाई कुठेच नव्हती. नगरपालिकेने १९२४ ला ठराव करून ते खुलं पण केलं होतं. तरी माणसाला पिता येत नव्हतं, आणि प्यायल्याबद्दल डोकी फुटली, कोर्टात केस झाली, निकाल लागायला १९३७ उजाडलं. पाणी आहे का हा एक प्रश्न आणि ते कोणाचं आहे हा दुसरा, हे त्या दिवशी सगळ्या देशाला दिसलं. आणि तीन वर्षांनी, २ मार्च १९३० ला, तुमच्याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.

माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी मांडणी केली आहे ती मुलीला सोप्या शब्दात सांगता येईल. काही माणसं जवळच्या रानावर, ओढ्यावर जगतात, ते संपलं की त्यांचं जगणं संपतं. काही माणसं लांबलांबून सगळं ओढून आणू शकतात, एक नदी आटली तर दुसरीला पाइप लावतात, त्यामुळे त्यांना झळ लागतच नाही. आणि तिसरी माणसं म्हणजे पहिल्यांचं रान-ओढा गेल्यावर शहराच्या कडेला, नाल्याकाठी येऊन राहिलेली. गोधडी धुणाऱ्या त्या बाई मूळच्या कुठल्या, हे कधी जमलं तर विचारा.

---

गोदाकाठची_आई

विचारलं. काल परत दिसल्या, यावेळी भाजी घेऊन बसल्या होत्या. मूळच्या पेठ तालुक्यातल्या, लग्नानंतर पाच-सहा वर्षं पावसाळा संपला की द्राक्षबागेत कामाला नाशिकला यायच्या आणि मग इथेच राहिल्या, नाल्याकाठी. ड्रेनेज नाही. पाइप दादा, तुमच्या नकाशातली हिरवी जागा.

मुलीला हा सगळा धागा वाचून दाखवला, जरा सोपा करत. तिने प्रकल्पाचं पहिलं वाक्य खोडलं आणि ब्रह्मगिरीपासून पैठणपर्यंत नदी काढली, खडूने, अर्धा हॉल भरून. जिथे धरण, नाला, घाट, कालवा येतो तिथे दोन गोष्टी लिहिणार म्हणते, "इथे कोण ठरवतं" आणि "इथे कोणाला भोगावं लागतं". काही ठिकाणी दोन्हीकडे एकच नाव येतं का ते तिला शोधायचंय, अजून एकच सापडलं, वाघाड, तेही तुम्ही सांगितलेल्या अटींसह. मार्क कापले जातील का अशी तिला भीती आहे, मी म्हटलं कापू देत.

पैठणकर दादा, तुमच्या आईंशी तिला फोनवर बोलायचंय, चालेल का? नकाशाच्या त्या टोकाला अजून काही लिहिलेलं नाही.

आणि पाइप दादा, नाल्याचं पाणी कुठल्या वेळेला जास्त काळं येतं ते सांगा, रविवारी सकाळी आम्ही जाणार आहोत, भाजीवाल्या ताईही येते म्हणाल्यात. त्या वस्तीची घरं मोजून, नाल्याचे फोटो लावून लाइनसाठी अर्ज द्यायचाय, त्यात तांत्रिक भाषेत काय लिहावं लागतं तेवढं बघून द्याल का?

---

पाइप_आणि_पंप

सकाळी सात ते साडेनऊ, घराघरातून पाणी जास्त सुटतं तेव्हा. अर्जात घरांची संख्या, नाल्यात पडणाऱ्या प्रत्येक आउटलेटची जागा आणि जवळचं चालू चेंबर किती मीटरवर आहे एवढं आलंच पाहिजे, नाहीतर फाइल परत येते. रविवारी टेप घेऊन मीच येतो.